ब्रूमला खत नको, दरवर्षीची छाटणी हवी

तुमची हकीकत थोडक्यात अशी. इंग्लंडमध्ये वोकिंगला घर घेतलंत तेव्हा मागच्या अंगणात पिवळ्या फुलांचं सात-आठ फुटी ब्रूमचं झुडूप होतं. दोन वर्षं मे महिन्यात ते असं बहरलं की शेजारी फोटो काढायला यायचे. मग खालून ते उघडं पडत गेलं आणि फुलं फक्त टोकांना यायला लागली. यंदा मार्चमध्ये तुम्ही गुलाब छाटतात तसं ते गुडघ्याएवढं ठेवून कापलंत आणि बुंध्याशी दोन पोती शेणखत घातलंत. आता जुलै आला तरी एक फुटवा नाही. ते गेलं का, नवं लावायचं तर कसं, आणि याचं बी नाशिकला आईकडे पाठवता येईल का, हे तुमचे तीन प्रश्न. मी गेली बावीस वर्षं दक्षिण इंग्लंडमधल्या बागा सांभाळते. ब्रूमच्या बाबतीत सर्वात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न तुमच्या पहिल्या प्रश्नासारखाच असतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी खात्री करून घ्या. उरलेल्या खोडांवर तीन-चार ठिकाणी नखानं साल खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर तो भाग अजून जिवंत आहे. कोरडं, तपकिरी दिसलं आणि बारीक काडी वाकवल्यावर कट्कन मोडली तर तो भाग गेला. कुठे एखादी हिरवी काडी कापायची राहून गेली असेल तर तिला हात लावू नका, झाड जगलं तर तिच्याच जोरावर जगेल. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत मनगटाएवढी जाड, भेगाळलेली खोडं दिसतात आणि हिरवं काहीच दिसत नाही. मार्चपासून जुलैपर्यंत पूर्ण चार महिने वाढीचा हंगाम मिळूनही डोळा फुटला नसेल, तर ते गेलं असं समजा.

गुलाब किंवा जास्वंद तुम्ही बुंध्यापर्यंत कापलं तरी जुन्या लाकडातून नवे डोळे फुटतात. ब्रूमचं तसं होत नाही. त्याचा सगळा जीव हिरव्या काड्यांत असतो. एक काडी हातात घेऊन बघा. तिला उभे कंगोरे असतात, ती भर डिसेंबरातही हिरवीगार असते, आणि पानं म्हणाल तर नखाएवढी, खाली तीन-तीन दलांची आणि टोकाकडे एकेकटी. तीसुद्धा उन्हाळ्यात कोरडं पडलं की गळतात. पानांचं काम काडीच करते. काडी एकदा तपकिरी होऊन लाकूड झाली की तिच्यावरचे डोळे मिटतात, ते सहसा परत उघडत नाहीत. तुम्ही कापलंत तेव्हा झाडाचं स्वयंपाकघरच काढून टाकलंत आणि मागे नुसते खांब ठेवलेत.

तरी स्वतःला फार दोष देऊ नका. ब्रूम मुळात अल्पायुषी, दहा ते पंधरा वर्षांचं झाड. मनगटाएवढा बुंधा, खालून उघडं, फुलं फक्त टोकाला, ही म्हातारपणाची लक्षणं आहेत. तुम्ही काहीही केलं असतंत तरी आणखी दोन-तीन वर्षं मिळाली असती, फार नाही. ही गोष्ट नर्सरीत कुणी सांगत नाही आणि मग लोकांना वाटतं आपल्याच हातून झाड मेलं.

शेणखताचं मात्र सांगायलाच हवं. आपल्याकडच्या माणसाचा हात आपसूक खताकडे जातो. माझाही जायचा. पण ब्रूम हे शेंगवर्गातलं झाड. हरभऱ्याचं रोप उपटल्यावर मुळांवर बारीक गाठी दिसतात ना, तशाच गाठी याच्या मुळांवर असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. म्हणूनच हे नापीक वाळूत, माळावर, रेल्वेच्या भरावावर मजेत वाढतं. त्याला वरून खत घातलं की काड्या लांब, मऊ आणि जड होतात, फुलं कमी येतात आणि पहिल्या मोठ्या वादळात झाड मुळापासून हलतं. ओलसर शेणखत बुंध्याला चिकटून राहिलं तर तिथली साल कुजते ती वेगळीच. नवं रोप लावाल तेव्हा खड्ड्यात शेणखत नको, कंपोस्ट नको, हाडांचा चुराही नको. उरलेली पोती गुलाबांना घाला.

आता मेलेल्या झाडाचं काय करायचं? जमिनीलगत करवतीनं कापा. मुळं खणून काढायची गरज नाही. ती जमिनीत कुजतील आणि त्यांतला नत्र तिथल्याच मातीला मिळेल. आणि मग त्या जागेवर लक्ष ठेवा, कारण तुमच्याकडे बहुतेक नवी रोपं फुकट येणार आहेत. ब्रूमच्या शेंगा उन्हाळ्यात काळ्या पडतात आणि कडक उन्हाच्या दुपारी तडतड आवाज करत फुटतात. दोन्ही फाका पिळवटतात आणि बिया लांब उडतात. तेरड्याचं बोंड बोटाला लागताच फुटतं तो अनुभव तुम्हाला असेलच, इथे ते काम ऊन करतं. बीच्या एका टोकाला बारीकसा तेलकट खाऊ असतो, त्याच्या लोभानं मुंग्या बिया आणखी लांब नेतात. बीचं कवच इतकं टणक की ते जमिनीत वर्षानुवर्षं, दशकंसुद्धा, जिवंत पडून राहतं. वरची सावली गेली, माती जरा हलली आणि ऊन पोचलं की ते उगवतं. पुढच्या वसंतात तिथे तीन-तीन दलांची इवली रोपं दिसली तर ती तण म्हणून उपटू नका. चांगल्या जागी आलेलं एक सशक्त रोप तिथेच ठेवा, बाकीची काढा.

"तिथेच ठेवा" असं मुद्दाम म्हटलं. ब्रूमला जागा बदललेली खपत नाही. त्याचं मूळ सरळ खोल जातं आणि बाजूचे तंतुमय मुळांचे जाळे फार विरळ असते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका आजींनी घर बदललं. नवऱ्यानं लावलेलं ब्रूम त्यांना सोबत न्यायचं होतं. मी मोठा मातीचा गोळा धरून, गोणपाटात बांधून, अगदी जपून ते हलवलं. सहा आठवड्यांत ते वाळलं. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण तेव्हापासून मी लावलेलं ब्रूम कधी हलवत नाही आणि कुणाला हलवू देत नाही. त्या वेळी त्याची चार छाटं लावून दिली असती तर तेच झाड त्यांच्यासोबत गेलं असतं.

बीवरून आलेली रोपं साध्या पिवळ्या रंगाची असतील तर ठीकच. पण मूळ झाड लाल किंवा दुरंगी जातीचं असेल तर बीतून तेच रंग येतीलच असं नाही, बहुतेक पिवळेच निघतात. रंग टिकवायचा तर छाट कलमच. त्याचा हंगाम अगदी आत्ताचा, जुलै-ऑगस्ट. यंदाची अर्धवट पिकलेली, वाकवली तर लवचीक पण बुडाशी जराशी घट्ट झालेली काडी निवडा. ती खाली ओढून काढा म्हणजे जुन्या सालीची छोटी टाच बुडाशी येते. लांबी सहा-आठ सेंटीमीटर पुरे. निम्मी जाडसर वाळू आणि निम्मं बी-रोपांचं कंपोस्ट भरलेल्या कुंडीत, एका कुंडीत एकच काडी. चार काड्या एकत्र लावल्या तर नंतर सोडवताना मुळं दुखावतात आणि सगळी मेहनत जाते. सावलीत, झाकून, ओलसर ठेवा. हिवाळा थंड फ्रेममध्ये, म्हणजे काचेच्या झाकणाच्या पेटीत, काढा आणि पुढच्या वर्षी छोटं असतानाच कायमच्या जागी लावा.

बी पेरायचं असेल तर आधी दोन सॅंडपेपरमध्ये हलकं घासा, किंवा गरम पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवा. फुगलेलं बी पेरा, न फुगलेल्याला पुन्हा घासा.

विकत घेणार असाल तर नर्सरीतलं सर्वात मोठं, फुलांनी लगडलेलं झाड घेऊ नका. मोह होतो हे खरं. पण मोठ्या कुंडीत महिनोन्‌महिने राहिलेल्या ब्रूमची मुळं गोल गोल फिरलेली असतात आणि जमिनीत गेल्यावरही ती तशीच फिरत राहतात. असं झाड दोन वर्षांनी वाऱ्यात आडवं होतं. दोन लिटरच्या कुंडीतलं, वीतभर उंचीचं, बुडापासून फांद्या असलेलं रोप घ्या. लावताना मुळांचा गोळा मोकळा करू नका, कुंडीत जितकं खोल होतं तितकंच खोल लावा आणि भोवतालची माती टाचेनं घट्ट दाबा. लावायचा महिना सप्टेंबर किंवा एप्रिल. पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्याला एक झारी पाणी, तेही बुंध्यापासून जरा लांब. दुसऱ्या वर्षापासून पाण्याची आठवणही ठेवायला नको.

जागा उन्हाची हवी. सावलीत हे झाड उजेडाकडे झुकतं आणि फुलत नाही. माती हलकी, निचऱ्याची, थोडी आम्लधर्मी. वोकिंग, कॅम्बर्ली हा सगळा पट्टा बॅगशॉट नावाच्या वाळूच्या थरावरचा आहे, त्यामुळे तुम्ही भाग्यवान आहात. रस्त्याकडेच्या माळावर हेदर आणि गॉर्स ही रानझुडपं वाढतात तिथे ब्रूम वाढतंच. खडूच्या उथळ मातीत, उदाहरणार्थ डाऊन्स या खडूच्या टेकड्यांच्या उतारावरच्या घरांत, साधं ब्रूम पिवळं पडतं. चिकणमातीत पाणी साचलं तर हिवाळ्यात मुळं कुजतात.

आता छाटणी. सगळं पत्र विसरलात तरी चालेल, हा परिच्छेद लक्षात ठेवा. ब्रूमची फुलं मागच्या वर्षीच्या काड्यांवर येतात. म्हणून शरद ऋतूत किंवा वसंतात छाटलं तर फुलंच कापली जातात. छाटायची वेळ एकच, फुलं गळल्यावर लगेच. तुमच्याकडे ती साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येते, शेंगा अजून चपट्या आणि हिरव्या असतात तेव्हा. नुकती फुलून गेलेली एक काडी हातात धरा आणि बोट खाली सरकवत न्या. वरच्या भागावर कोमेजलेली फुलं आणि कोवळ्या शेंगा लागतील. त्याखाली फिकट पोपटी, नवे, मऊ फुटवे दिसतील. तिथे कात्री लावा. फुललेल्या काडीचा दोन तृतीयांश भाग जाईल, एक तृतीयांश हिरवा भाग राहील. हिरवं संपून तपकिरी जिथे सुरू होतं त्याच्या खाली कात्री कधीच नेऊ नका. झुडपाच्या सगळ्या बाजूंनी हे करा, फक्त वरून नव्हे. रोप लहान असताना पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीनदा शेंडे खुडा म्हणजे बुडापासून फांद्या भरतात.

हे दरवर्षी केलं तर शेंगांवर जाणारी ताकद वाचते, झाड आटोपशीर राहतं आणि खालून उघडं पडायला बराच उशीर होतो. एखादं वर्ष चुकलं तर त्या वर्षीचा हिरवा भाग लाकूड होतो आणि पुढच्या वर्षी तेवढ्या उंचीच्या वरच कापता येतं. दोन-तीन वर्षं चुकली की झाड हातातून गेलंच. तुमच्या आधीच्या घरमालकांनी ते कधीच छाटलेलं नसावं.

सात-आठ फुटी साधं ब्रूम, म्हणजे सायटिसस स्कोपॅरियस, छोट्या अंगणात फार पसरतं. तुमच्या वाफ्यासाठी मी सायटिसस प्रीकॉक्स घेईन. विल्टशरमधल्या वॉर्मिन्स्टरच्या एका नर्सरीत एकोणिसाव्या शतकात हा संकर आपसूक उगवला, म्हणून मूळ जातीला 'वॉर्मिन्स्टर' म्हणतात. सव्वा मीटर उंच, दीड मीटर रुंद, एप्रिल-मेमध्ये सायीच्या रंगाची फुलं इतकी की काडी दिसत नाही. त्याचीच 'ऑलगोल्ड' ही जात गडद पिवळी. प्रीकॉक्सचा वास उग्र असतो, काहींना अजिबात आवडत नाही, म्हणून खिडकीखाली नको. लाल हवं असेल तर 'बॉस्कूप रूबी'. उतारावर किंवा दगडी कठड्यावरून खाली सोडायला सायटिसस क्यूएन्सिस. ते 1891 मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात तयार झालं, उंची जेमतेम फूटभर, पसारा दीड मीटर. चुन्याची माती असलेल्या तुमच्या मित्रांना जेनिस्टा लिडिया सुचवा, दोन फुटी आणि मेच्या शेवटी सोन्यासारखं पिवळं.

मला स्वतःला सर्वात आवडतं ते स्पॅनिश ब्रूम, स्पार्टियम. ते भूमध्य समुद्राकाठचं, जून ते ऑगस्ट फुलतं आणि त्याचा सुगंध खरोखर गोड असतो. खडू, खारं वारं, दगड, सगळं सोसतं. इटलीत व्हेसुव्हियसच्या लाव्हावर ते रानोमाळ दिसतं. दक्षिणाभिमुख उंच भिंत असेल तर मोरोक्कोचं ब्रूम लावा, रुपेरी रेशमी पानं आणि उभे पिवळे तुरे, ज्यांना पिकलेल्या अननसाचा वास येतो. नाक लावून बघितल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही. ते चार मीटरपर्यंत जातं, तेवढी जागा मोजून घ्या.

बहराच्या दिवसांत एकदा पंधरा मिनिटं झाडापाशी उभं राहा. फूल मटाराच्या फुलासारखं असतं, खालच्या दोन पाकळ्या जुळून बंद होडी झालेली. आत मध नसतो, फक्त पराग. एखादा जड, केसाळ भुंगा त्या होडीवर उतरला की तिची शिवण फटकन उसवते. आखूड केसर त्याच्या पोटावर पराग उडवतात, लांब केसर आणि स्त्रीकेसर उसळून वर येतात आणि त्याच्या पाठीवर वळतात. हे एकदाच होतं. त्यानंतर होडी लोंबकळत राहते आणि आतले केसर गुंडाळी होऊन बाहेर दिसतात. फुलांकडे नुसतं बघून भुंगा कुठे येऊन गेला ते सांगता येतं.

कीड म्हणाल तर आजकाल एकच त्रासाची. फांद्यांवर, कळीच्या जागी, करड्या-हिरव्या फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या गाठी दिसल्या तर ते गाठी करणाऱ्या सूक्ष्म कोळ्याचं काम आहे. घरगुती बागेसाठी औषध नाही. गाठींची फांदी कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. झाड गाठींनी भरलं तर काढून टाका.

घरात लहान मूल आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे ठळकपणे सांगते. ब्रूमच्या सगळ्या भागांत स्पार्टीनसारखी विषारी अल्कलॉइडं असतात आणि ती हृदयावर परिणाम करतात. कोवळ्या शेंगा हुबेहूब मटाराच्या पिल्लांसारख्या दिसतात, वरून केसाळ कडा. मुलाला दाखवून सांगा की या खायच्या नाहीत. आई-बाबा भारतातून येतील तेव्हा त्यांनाही सांगा, कारण परसातली शेंग तोडून दाताखाली धरायची आपल्याकडे सवय असते. जूनमध्ये वेळेवर छाटलंत तर शेंगा उरतच नाहीत.

तुमच्या पत्नीनं विचारलंय, याला ब्रूम का म्हणतात. आपल्याकडे शिंदीच्या पानांची केरसुणी आणि नारळाच्या हिरांचा खराटा, तसा इथे या काड्यांची जुडी बांधून झाडू करत. नाव आधी झाडाचं, मग त्या झाडूचं. आणि याच झाडाचं लॅटिन नाव, प्लांटा जेनिस्टा, इंग्लंडच्या राजघराण्याला चिकटलं. फ्रान्समधल्या आंजू परगण्याचा सरदार जेफ्री टोपीत याची डहाळी खोवत असे असं परंपरा सांगते. त्याचा मुलगा दुसरा हेन्री 1154 मध्ये राजा झाला, आणि ते घराणं इतिहासात प्लांटॅजेनेट म्हणून ओळखलं जातं.

शेवटचा प्रश्न नाशिकचा. बी पाठवू नका. कारणं दोन. पहिलं म्हणजे ब्रूम नाशिकच्या उन्हाळ्यात आणि काळ्या जमिनीत टिकणार नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं. जिथे थंड हवा मिळते तिथे ते आवरत नाही. ब्रिटिशांनी ते निलगिरीत नेलं, आणि आज उटीच्या वरच्या पठारावर, मुकुर्ती परिसरात, शोला नावाच्या डोंगरी सदाहरित जंगलांमधली मूळची गवताळ कुरणं ते आणि गॉर्स गिळत चालले आहेत. 1850 मध्ये कॅप्टन वॉल्टर ग्रँटनं व्हँकुव्हर बेटावर सूकला याचं बी पेरलं. तीन रोपं जगली, आणि आता ते बेट ब्रूमनं भरलं आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, न्यूझीलंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात हे उपद्रवी तण मानलं जातं. सिएटल किंवा ऑकलंडला तुमचे नातलग असतील तर त्यांनीही ते लावू नये. शिवाय 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र नसताना परदेशातून बी भारतात आणता येत नाही, पाकिटात घालूनही नाही.

आईंना अशीच फुलं हवी असतील तर ती त्यांच्या दाराशीच आहेत. ताग (पोत्यांचा ज्यूट नव्हे, बोरू) हा ब्रूमचा जवळचा नातलग. तीच मटारासारखी पिवळी फुलं, तीच होडी, तसाच भुंगा. शेतकरी हिरवळीच्या खतासाठी तो फुलायच्या सुमारास जमिनीत गाडतात म्हणून त्याचा पूर्ण बहर फारसा कुणी बघत नाही. कुंपणालगत एक ओळ गाडायची नाही, फुलू द्यायची, असं त्यांना सांगा. दुसरी घागरी, जिला मुलं खुळखुळा म्हणतात, कारण वाळलेल्या शेंगेत बिया खुळखुळतात. ती कोकणात वाळूत आपोआप येते आणि पावसाळा सरल्यावर फुलते. तीही गुरांना विषारी, म्हणून गोठ्यापासून लांब. दोन्ही बिया पहिल्या चांगल्या पावसानंतर वाफशावर टाकायच्या, म्हणजे आईंना आत्ताच फोन केलात तर याच हंगामात साधेल.